उलटा हात

बालीगंजच्या आमच्या ऑफिसातला नवा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडायचा आणि आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. लोडशेडिंग नसतानाही! वैताग नुसता. शेवटी एक वयस्कर बंगाली मिस्त्री आला. प्लग असो, वायर असो, कॉम्प्युटरचा पत्रा असो, हात लावण्याआधी तो उलट्या हाताने चाचपायचा.

"असं का, दादा?" मी हिंदीत विचारलं.

"तळवा लावला आणि करंट असला, तर मूठ आवळते साहेब, सुटत नाही. माझ्या भावाची सुटली नाही."

मी हादरलोच. तो मात्र शांतपणे प्लगमधली सैल वायर आवळत राहिला. कॉम्प्युटर नीट चालू लागला.

निघताना मी हात पुढे केला. त्याने आधी त्यालाही उलटा हात टेकवला.