धाकटीचा तिसरा तक्ता

सोमवारी सकाळी दादाने फेकलेला सत्तूर धाकटीच्या कानापासून वीतभर अंतरावर दाराच्या चौकटीत रुतला. तिच्या हातात विद्यापीठाचा फॉर्म होता आणि ती एवढंच म्हणाली होती, की मी मुख्य विषय जीवशास्त्र घेतेय.

"आता परत बोल," दादा म्हणाला.

आईने भांडी घासता घासता मान वळवली, चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. तो काढून घेऊन जा. नाहीतर मांस काय दातांनी तोडणार आहेस?"

दादाने सत्तूर उपटला, एप्रनला पुसला आणि दुकानात गेला. त्या घरातली भांडणं अशीच चालायची. गिऱ्हाईक आलं की थांबायची, गेलं की जिथे थांबली तिथून पुढे.

पुढे मांसाचं दुकान आणि मागे राहायच्या तीन खोल्या. दुकानात आकड्यांना टांगलेली धडं, मधोमध कापायचा ओंडका, त्याच्या बाजूला आतडी-कोथळा टाकायच्या बादल्या आणि मागे खुर्चीत बाबा. तीन वर्षांपूर्वी त्यांची डावी बाजू गेली. त्याआधी त्यांचा आवाज आला की गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्ता बदलायची. दादा पंधरा वर्षांचा असताना एकदा दुकान सोडून शाळेच्या परीक्षेला गेला, तर बाबांनी त्याला परत आणून शर्टाच्या कॉलरने आकड्याला लटकवलं होतं. कॉलर फाटेपर्यंत तो लटकत होता. त्याचा उजवा खांदा तेव्हापासून खाली आहे आणि शाळा त्याच दिवशी संपली. पुढे बाबा खुर्चीला खिळले तेव्हा दुकानाच्या चाव्या, सुऱ्या आणि घरच्यांना मारायचा हक्क, असं सगळं एकदमच दादाकडे आलं. कुणी दिलं नाही, त्याने मागितलंही नाही. जागा रिकामी होती, तो बसला.

धाकटीला तो उगाच मारायचा नाही, हे सांगायला हवं. त्याच्यापाशी कारण असायचं. या वेळचं कारण असं, की धाकटी व्यवस्थापन शिकून दुकानाच्या गल्ल्यावर बसणार असं त्याने सगळ्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. जीवशास्त्र म्हणजे सकाळी सातची प्रयोगशाळा, मग पुढचं शिक्षण, मग दुसरं गाव. ती गेली की ओंडक्यापाशी तो आणि मागे ती खुर्ची, बास. एवढं त्याला शब्दांत सांगता येत नव्हतं. मग हाताला लागेल ते तो फेकायचा.

धाकटीला या विषयाचा नाद लागला तोही तिच्या हातून झालेल्या एका घोळामुळे. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत प्रत्येकाच्या ट्रेमध्ये एक मेलेला ससा आला. आतले अवयव दिसतील असा उघडायचा होता. बाकीची मुलं चिमटे हातात धरून एकमेकांकडे बघत होती, कुणी तोंड दाबून बाहेर पळत होतं. धाकटीने दोन मिनिटांत कातडं उतरवलं, पोटातलं सगळं एका झटक्यात ओढून शेजारच्या कचऱ्याच्या बादलीत टाकलं, धड धुतलं आणि गिऱ्हाइकाला द्यावं तसं स्वच्छ करून ट्रेमध्ये ठेवलं.

शिकवणाऱ्या सरांनी ट्रेकडे बघितलं. "छान," ते म्हणाले. "आता यातलं जठर दाखव."

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून माणूस बघायला आला. धाकटी कानापर्यंत लाल झाली. मग तिने बाही वर सारली, बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली. वरून खाली, जिथली तिथे, एकही चूक नाही. सर एकेका वस्तूचं नाव सांगत गेले आणि ती काय काम करते तेही. धाकटी लहानपणापासून रोज हे सगळं पाहत होती. पण दुकानात जे विकलं जातं त्यालाच नाव असायचं, बाकीचं सगळं 'घाण'. त्या घाणीतल्या बोटभर लांबीच्या तुकड्यालासुद्धा नाव आहे आणि नोकरी आहे, हे कळल्यावर ती त्या दिवशी घरी गेलीच नाही म्हणायला हरकत नाही. देह तेवढा गेला.

आता चौथं सत्र संपत आलं होतं. नियम असा होता, की शुक्रवारी चारच्या आत मुख्य विषयाचा फॉर्म खिडकीवर पोचला पाहिजे. ज्याचा फॉर्म आला त्यालाच पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत जागा. आणि सकाळी सातची प्रयोगशाळा असणाऱ्यांना इमारतीमागच्या वसतिगृहात खोलीही मिळायची, फॉर्म पोचला त्याच दिवसापासून. म्हणजे धाकटीच्या हातातला कागद नुसता विषयाचा नव्हता, दाराला आतून कडी असलेल्या खोलीचाही होता.

फॉर्मवर सल्लागारांची सही लागायची. तिच्या सल्लागार बाईंनी तीस वर्षं शेवाळाचा अभ्यास केला होता, म्हणून मुलं त्यांना शेवाळबाई म्हणत आणि हे बाईंना ठाऊक होतं. त्यांची पद्धत जगावेगळी. त्या प्रत्येकाकडून उरलेल्या चार सत्रांचे तीन तक्ते लिहून घेत. पहिला, सगळं सुरळीत झालं तर. दुसरा, एका विषयात नापास झालात तर. तिसरा, एक अख्खं सत्र बुडालं तर. तिन्ही पाहिल्याशिवाय सही नाही.

मंगळवारी धाकटीने दोन तक्ते पुढे ठेवले. सेंद्रिय रसायन आधी, मग पेशींचा अभ्यास, मग आनुवंशिकी, संख्याशास्त्र मधे कुठेतरी कोंबलेलं. रसायन फक्त पावसाळी सत्रातच शिकवतात, ते हुकलं तर वर्ष जातं, हेसुद्धा तिने लाल पेनाने लिहिलं होतं. तिसरा कागद कोरा.

"हा?" शेवाळबाईंनी विचारलं.

"माझं सत्र बुडणार नाही, मॅडम."

"कुणाचंही बुडतं. माझं दोनदा बुडालं होतं. बाकीची मुलं कावीळ लिहितात, टायफॉइड लिहितात. तुझं कशाने बुडेल?" बाईंची नजर तिच्या गालावर होती. तिथे चार बोटं उठली होती, पाचवं कानामागे गेलं होतं. "लिही. मी कुणाला दाखवत नाही."

धाकटीने कागद जवळ ओढला आणि लिहिलं, 'दादा'.

बाईंनी वाचलं. कागद तिच्याकडे परत सरकवला. "बरं. कारण झालं. आता दादा आडवा आला तर कुठे राहशील, कोणते विषय घेशील, कोणते सोडशील, ते लिही. कावीळवाल्यांनाही मी हेच सांगते. नुसती कावीळ लिहून चालत नाही."

धाकटीने तिथेच बसून लिहिलं आणि बाईंनी सही केली. वसतिगृहाच्या अर्जातलं, त्याच दिवशी खोली देणारं कलम तिला त्या दिवशी बाईंनीच दाखवलं.

शुक्रवारी दुपारी दुकान दोन ते पाच बंद असायचं. शटर अर्धं खाली होतं. धाकटी पिशवी खांद्याला लावून वाकून बाहेर पडत होती, तेवढ्यात दादाने पिशवीचा पट्टा मागून ओढला. ती पाठीवर आपटली. पिशवीतून कागद बाहेर आले आणि दादाने पहिला उचलला तो नेमका वसतिगृहाचा.

"खोली?" तो म्हणाला. "खोली घेतेस? आम्हाला न सांगता?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"हे," दादा म्हणाला आणि फरशी धुवायचा रबरी पाइप उचलून त्याने तिच्या पाठीवर घातला. दुसरा फटका दंडावर, तिसरा तोंडावर. तिचा ओठ फाटला. ती बादल्यांमध्ये पडली, एक उलटली आणि सकाळची आतडी फरशीवर पसरली. उठायला गेली तर त्यावरून पाय घसरला. दादाने तिला केसांना धरून ओंडक्यापर्यंत ओढलं, तिचं डोकं लाकडावर दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने विषयाचा फॉर्म तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ. नीट बघ. आता हा फाडतो."

धाकटीने त्याचा तो हात पकडला. अंगठ्याच्या मुळाशी तिचं बोट आपसूक गेलं, सांध्याची फट जिथे लागते तिथे. हजार सांधे तिने सोडवले होते. जोर लावायचा नसतो, वळवायचं असतं. तिने वळवलं.

आवाज बारीकच झाला. दादा आधी चकित झाल्यासारखा आपल्या हाताकडे बघत राहिला. अंगठा मागच्या बाजूला, भलत्याच दिशेला उभा होता. मग तो गुडघ्यावर बसला आणि जनावरासारखा ओरडला.

आणि मागून हसू आलं.

बाबा हसत होते. वाकड्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, चांगला हात खुर्चीच्या दांडीवर आपटत होता. "शाब्बास," ते म्हणाले. एकेक अक्षर सुटं. "ही... माझी. दुसराही... काढ."

आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी तिचं कौतुक केलं होतं. धाकटीने त्यांच्याकडे पाठ केली.

"बसव परत," दादा दात आवळून म्हणाला. "काढलास ना, बसव."

तिने त्याचा हात हातात घेतला आणि तशीच थांबली. "मला नाही येत, दादा." खरंच येत नव्हतं. त्या दुकानात सांधा परत बसवायची वेळ कधी कुणावर आली नव्हती.

आई दारात आली. तिने फरशी बघितली, दोघांना बघितलं, ओला पंचा दादाच्या हाताला गुंडाळला. "दोघंही एकाच बसने जा," ती म्हणाली. "विद्यापीठानंतर तिसरा थांबा दवाखान्याचा. पुढच्या दाराने उतर, अपघाताचा विभाग डावीकडे. रांग असली तर हात वर धर, लवकर घेतात." आईला सगळं पाठ होतं. ते का, हे तिघांनाही माहीत होतं. मग तिने फॉर्म उचलला, झटकला आणि धाकटीच्या पिशवीत घातला.

"दोन कुठली?" बसमध्ये कंडक्टरने विचारलं.

"एक विद्यापीठ, एक दवाखाना."

कंडक्टरने एकाचा हात आणि दुसरीचं तोंड पाहिलं आणि पुढची तिकिटं फाडायला निघून गेला. लोकांनी आपण होऊन जागा करून दिली, सरकून, अंग चोरून.

तीन थांबे गेले. मग दादा खिडकीकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे बघून ते कधी असे हसले नाहीत. नऊ वर्षं दुकान ओढतोय."

"तुला ते हवंय?"

घाम दादाच्या हनुवटीवरून टपकत होता. विद्यापीठाचा थांबा आला तेव्हा म्हणाला, "उतरलीस तर परत येऊ नकोस."

धमकी होती की आणखी काही, त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. धाकटी उतरली.

खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म दोन बोटांत धरला. घड्याळात साडेतीन झाले होते. "हे काय?"

"रक्त."

"डाग चालत नाहीत. नवीन भरून आणा, सल्लागारांची सही पण नवीन."

धाकटीने भिंतीला कागद लावून नवा फॉर्म भरला. दंड सुजला होता, अक्षरं उताराला लागल्यासारखी खाली खाली जात होती. मग दोन मजले चढली. शेवाळबाई जिन्यातच भेटल्या, कठड्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली आणि सही करता करता विचारलं, "तिसरा तक्ता लागला का?"

"लागला. पण मॅडम, मी त्याचा अंगठा निखळवला."

बाईंचं पेन थांबलं. "बसला का परत?"

"माहीत नाही. तो एकटाच गेलाय."

"आधी खिडकी," बाई म्हणाल्या. "चारला दहा कमी आहेत."

शिक्का पडला. पोचपावतीवर तिचं नाव, विषय आणि वेळ होती. धाकटीने ती घडी करून आत ठेवली आणि बाकावर बसली. अर्ध्या तासाने आईचा फोन आला.

"बसवला," आई म्हणाली. "दोन मिनिटांत बसवला म्हणे. डॉक्टरांनी विचारलं कसं झालं, तर तुझा दादा म्हणाला, शटरमध्ये सापडला. झाला का तुझा फॉर्म?"

"झाला. आई, मी येते. त्याला एकदा बघून जाते."

"नको."

"मारेल म्हणून?"

"तो नाही मारणार आता. निदान महिनाभर तरी." मागे बाबांचा आवाज येत होता, कुणाला तरी काहीतरी सांगत होते, खुशीत. "तुझे बाबा तुझी वाट बघतायत. मघापासून दाराकडे बघत बसलेत. ओंडक्यामागे तुझ्यासाठी खुर्ची मांडायला सांगितलीय. म्हणून म्हणते, येऊ नकोस."

"तू?"

"मी गेली तीस वर्षं आहेच. कपडे उद्या मी बसथांब्यावर आणून देते. जेवून घे काहीतरी, ओठाला झोंबणार नाही असं."

फोन बंद झाला. धाकटी उठली, इमारतीला वळसा घालून मागे गेली आणि वसतिगृहाच्या बाईंपुढे पोचपावती ठेवून म्हणाली, "मला खोली आजच पाहिजे."