समजा, आंबा हलवला तर!

कॉम्प्युटर यायच्या आधी आमच्या नाशिकच्या कचेरीत एक टायपिस्ट होते. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’पासून सुरू व्हायचं आणि पिशवीत डब्याखाली सुंभाची लांब दोरी असायची.

“काका, लिफ्ट अडकली तर दोरीनं उतरणार का?” आम्ही चिडवायचो.

“समजा, अडकली,” ते शांतपणे म्हणायचे, “तर तुम्हीच माझी पिशवी शोधाल.”

एका मे महिन्यात काका आणि मी घोटीजवळच्या डोंगरावर गेलो आणि उतरताना माझा पाय घोट्यात मोडला! पाणी संपलेलं, ऊन कलायला लागलेलं. खालच्या वाडीकडे तोंड करून मी “वाचवा, वाचवा!” असा टाहो फोडला. गणेशोत्सवातल्या नाटकातही माझा एवढा आवाज लागला नव्हता. वाडी ढिम्म!

काकांनी दोरीला दगड बांधला, कैऱ्यांनी लगडलेल्या आंब्याच्या फांदीवरून फेकला आणि दोरी ओढून झाड गदागदा हलवायला लागले. तीन हिसके, जरा विसावा, पुन्हा तीन हिसके. वारा पडलेल्या त्या डोंगरावर एकटं तेच झाड नाचत होतं!

“समजा, माणूस ओरडला, तर कुणी येईल, न येईल. आंबा हलला की मालक येणारच.”

आणि खरंच, काठी उगारून एक म्हातारा धापा टाकत वर आला. “कोन हाय रं? माझ्या कैऱ्या पाडतो व्हय?” मग त्याला माझा पाय दिसला आणि काठी खाली आली. “आरं देवा, लय सुजलाय!”

काकांनी तीच काठी मागून घेतली, माझ्या पायाला लावून सुंभानं नीट बांधली आणि म्हाताऱ्याला म्हणाले,

“समजा, तुम्हाला राग आला नसता तर?”