पाचशे माणसांची खिचडी

माझ्या लग्नात पंगतीला खिचडी वाढली होती. खान्देशात लग्नाचं जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. खिचडी आम्ही रोज घरी खातो, पण ती कुणी लग्नात वाढत नाही. त्यामुळे धुळ्याला सासरी आल्यावर मला चार वर्षं टोमणे ऐकावे लागले, आणि मी मनातल्या मनात झुंबरबाईला बोल लावत राहिले. खरं काय घडलं ते मला फार उशिरा कळलं.

झुंबरबाई आमच्या गावची. साक्रीहून धुळ्याकडे येताना पांझरेच्या काठावर आमचं गाव आहे. तिचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. एरवी ती शेतात निंदायला-खुरपायला जायची आणि लग्नसराईत गावातल्या लग्नांचा स्वयंपाक करायची. धुळ्याहून आचारी आणणं ज्यांना झेपत नसे, ते तिला बोलवायचे. चार बाया बरोबर घेऊन ती पाचशे माणसं जेवू घालायची, तेही घरात असेल तेवढ्यात. पोळ्या लाटत बसलं की दहा हात लागतात, बट्टीला तेवढे लागत नाहीत, हे तिचं पहिलं सांगणं. गव्हाच्या जाड पिठात चौथाई मका घातला की बट्टी खुसखुशीत होते आणि गहूही वाचतो. वरण पहिल्यापासून पातळ करायचं नाही, आणि पहिल्या पंगतीला वाढताना हात आखडायचा नाही. पहिली पंगत तृप्त उठली की मागचे लोक घाईनं जास्तीचं मागून घेत नाहीत, आणि अन्न शेवटपर्यंत पुरतं.

पण लोक तिला हसायचेही, कारण ती फार भित्री होती. गावकीची पातेली आली की एकेक उन्हात नेऊन कल्हई बघायची. पाणी कुठल्या विहिरीचं, तेलाचा डबा आधी कशाचा होता, सगळं विचारायची. आणि स्वयंपाक झाला की प्रत्येक पदार्थ आधी स्वतः खाऊन अर्धा तास बसून राहायची. तोवर पंगत मांडू द्यायची नाही. वऱ्हाडी ओरडायचे, यजमान हात जोडायचे, पण ती जागची हलत नसे.

त्याला कारण होतं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या माहेरी भावाच्या हळदीला कढी केली होती. ती पितळी भांड्यात उरली आणि त्या भांड्याची कल्हई गेलेली होती. आंबट कढी रात्रभर त्यात राहून कळकली. सकाळी झुंबरनं ती चाखली, तेव्हा तिला तुरट, विचित्र चव लागली. पण घरात पाहुणे होते, मोठी माणसं रागावतील म्हणून ती गप्प बसली. त्या दिवशी तीस-चाळीस माणसांना उलट्या झाल्या. बाकीची वाचली. तिची धाकटी बहीण यशोदा संध्याकाळपर्यंत गेली. हे तिनं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी.

माझं लग्न सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात झालं. पाठोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, विहिरी तळाला गेल्या होत्या. माझे वडील झुलाल, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आमच्या घरात पाचशे माणसांपुरता गहू नव्हता. मग भाऊबंदांनी ठरवलं, ज्यानं त्यानं जमेल तेवढा गहू आणायचा. अठरा घरांतून पिशव्या-पिशव्यांनी गहू आला. बायांनी तो ओट्यावर एकाच ढिगात ओतला, निवडला, दोन पोती भरली, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी गिरणीतून जाडसर दळून आणला.

लग्न दुपारचं होतं. पहाटेच झुंबरबाईनं गोठ्यामागे चर खणून गोवऱ्या पेटवल्या. अर्धं पीठ मळून झालं, बट्ट्यांचा पहिला घाणा निखाऱ्यात भाजून निघाला. सात वाजता तिनं त्यातली एक बट्टी गुळाबरोबर खाल्ली आणि नेहमीप्रमाणे बसून राहिली. अर्ध्या तासानं उठली, चांगली झाली म्हणाली आणि कामाला लागली.

मळलेल्या पिठाची परात झाकायला तिला काहीतरी हवं होतं. कोपऱ्यात गव्हाच्या रिकाम्या पिशव्या पडल्या होत्या. तिनं वरची एक उचलून झटकली. शिवणीत अडकलेले चार दाणे खाली पडले. ते गुलाबी होते.

पेरायच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळतात. ते गुलाबी असतं आणि पोटात गेलं तर विष. शेतात जाणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. झुंबरबाईनं ते दाणे तळहातावर घेतले. तिनं मला नंतर सांगितलं, की त्या क्षणी तिला आजूबाजूचं काही ऐकूच येईना. बाया हसत होत्या, मांडवात ताशा वाजत होता, आणि तिला फक्त आपल्या पोटातली बट्टी जाणवत होती.

पिशवी जुन्या हिरव्या लुगड्याची होती. ते लुगडं तिनं आप्पांच्या आत्याच्या, ताईबाईच्या, अंगावर पाहिलेलं होतं. तिनं ताईबाईला हाताला धरून गोठ्याच्या आडोशाला नेलं.

"आक्का, हाई पिशवी तुनी ना? यामा काय व्हतं?"

ताईबाईचा चेहरा उतरला. त्या वर्षी विहीर आटली म्हणून तिच्या घरी गहू पेरलाच नव्हता आणि विकतचं बियाणं तसंच पडून राहिलं होतं. घरात दुसरा गहू नव्हता.

"तीनदाव धोयं वं माय," ती म्हणाली. "रंग निंघी गया, मंगच दिधं. भाचानी पोरना लगीनले रिकामा हाते कशी येऊ?"

झुंबरबाई तिला तिथेच सोडून चुलीकडे धावली. तिनं आधी चारी बायांना विचारलं, कुणी बट्टी तोंडात घातली का. गुंताबाई म्हणून एक होती, तिनं भुकेपोटी अर्धी खाल्ली होती. झुंबरबाईनं तिला मागच्या बाजूला नेऊन मिठाचं कोमट पाणी पाजलं, घशात बोटं घालायला लावली. मग स्वतःही तेच केलं. पण तिनं खाल्लेल्याला तास उलटून गेला होता. पाणी तेवढं पडलं, बाकीचं पोटातच राहिलं असेल असं तिला वाटत राहिलं.

मग तिनं आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा मांडवातून आले ते कपाळावरच्या कुंकवासकट तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. ती म्हणाली, हे पीठ कुणाला वाढायचं नाही, मळलेलंही नाही आणि कोरडंही नाही. आप्पांना ते पटेना. दोन पोत्यांत आत्याचा गहू असून असून दोन पायल्या. तोही धुतलेला, वर निखाऱ्यात भाजलेला. दुष्काळाच्या वर्षात अठरा घरांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेलं धान्य कसं फेकायचं? तासा-दोन तासांत वऱ्हाड येणार होतं.

"इतला पीठमा तितलं काय करी?" आप्पा म्हणाले.

"करी का नही ते माले माहीत नही, भाऊ," झुंबरबाई म्हणाली. "म्हणीसनच वाढनं नही."

आप्पा भिंतीकडे वळले. आतल्या खोलीत मी हळदीच्या अंगानं बसले होते. खिडकीतून मला आप्पांची पाठ दिसली, आणि ते डोळे पुसत असल्यासारखे वाटले. मला वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून रडताहेत. शेवटी त्यांनी मान हलवली आणि एवढंच विचारलं, की लोकांना वाढायचं काय.

वरणासाठी तुरीची डाळ भिजत होती. शेवटच्या भातासाठी अर्धं पोतं तांदूळ होता. वांगी होती, शेंगदाणे होते, तेल होतं, पापड होते. झुंबरबाईनं खिचडी म्हटल्यावर आप्पा नको नको म्हणाले. नवऱ्यामुलाचे वडील मोतीलालजी धुळ्याचे, कचेरीत नोकरीला, चार मोठ्या माणसांत ऊठबस असलेले. त्यांच्या वऱ्हाडाला खिचडी वाढायची म्हणजे अपमान झाला म्हणून ते वऱ्हाड माघारीही नेऊ शकले असते. पण दुसरं काही सुचत नव्हतं. पुऱ्यांना पीठ लागतं, भाकरी पाचशे माणसांना थापून होत नाही. आप्पा गावातल्या लीलाधर वाण्याच्या दुकानात गेले आणि आमच्या घरची बाजरी देऊन तांदळाचं एक पोतं घेऊन आले.

तेवढ्यात झुंबरबाईला दुसरी भीती पडली. हे पीठ टाकलं तर दुष्काळात ते कुणीतरी उचलून नेणार. माणसानं नाही तर जनावरांसाठी तरी नेणारच. म्हणून तिनं मळलेलं पीठ, कोरडं पीठ आणि भाजलेल्या बट्ट्या सगळं गोठ्यापलीकडच्या एका रिकाम्या खड्ड्यात ओतलं, वर रॉकेलचा डबा रिकामा केला आणि माती लोटली. बायांना सांगितलं, माझ्या धक्क्यानं डबा आधीच पिठात कलंडला होता, म्हणूनच गुंताबाईला ओकायला लावलं. ताईबाईचं नाव तिनं घेतलं नाही. पिठात विष होतं असं एकदा गावात पसरलं असतं, तर माझं लग्न मोडलं असतं, आणि ताईबाईच्या घरचं पाणीही पुढे कुणी प्यायलं नसतं.

खिचडी तीन पातेल्यांत करायची ठरली. एकाच मोठ्या पातेल्यात केली तर खाली करपते आणि वर कच्ची राहते. एक चुलीवर चढवायचं, ते पंगतीला जाईपर्यंत दुसरं शिजत ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना गरम मिळते. वांग्याच्या फोडी, शेंगदाणे, लसूण, मिरची असं सगळं तिनं फोडणीत सढळ टाकलं. हात चालू होते, पण लक्ष स्वतःकडे होतं. जीभ कोरडी पडली की तिला वाटे, सुरू झालं. घाम आला की वाटे, हा उन्हाचा नाही. मधूनच ती गुंताबाईला हाक मारून विनाकारण काहीतरी विचारायची आणि तिचे डोळे बघायची. अकराच्या सुमाराला गोठ्यामागे जाऊन ती ओकली. ते औषधानं झालं की भीतीनं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तोंड धुऊन ती परत आली आणि पातेल्यात पाणी ओतलं. दवाखान्यात जायचं तर धुळ्याला जावं लागलं असतं, आणि मग सगळ्यांना सगळं सांगावं लागलं असतं.

लग्न लागलं. पहिली पंगत बसली, पत्रावळींवर खिचडी पडली. क्षणभर कुणाला काही समजेना. मग वराकडचा एक पाहुणा पत्रावळ लोटून उठला. आम्हाला दुखवट्याला बोलावलंय का, असं तो मोठ्यानं म्हणाला. त्याच्या मागोमाग आणखी चार-पाच जण उठले. मी मांडवातच होते. माझ्या हातातला रुमाल घामानं भिजला होता. आप्पा हात जोडून पुढे झाले.

तेव्हा झुंबरबाई आली. बायका पुरुषांच्या पंगतीत अशा येत नसत. डोक्यावरचा पदर धरून ती मधोमध उभी राहिली. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मना हातथून पीठमा रॉकेल सांडनं," ती म्हणाली. "झुलालभाऊना काय गुन्हा नही. जे बोलनं शे ते माले बोला."

लोक बोलले. ज्याला जे सुचेल ते बोलला. ती मान खाली घालून ऐकत उभी होती. मोतीलालजींनी सगळ्यांचं बोलून होऊ दिलं. मग समोरच्या खिचडीत बोट घालून पाहिलं.

"बसा खाली," ते म्हणाले. "गरम आहे तोवर जेवून घ्या. बाई, वर थोडं तेल वाढा."

तेल आलं, पापड आले. उठलेले बसले. तिसऱ्या पंगतीपर्यंत काही कमी पडलं नाही आणि दोन-अडीचशे माणसांना दुसऱ्यांदा वाढून झालं. शेवटची पंगत उठेपर्यंत झुंबरबाई चुलीपाशी बसून होती, पाण्याचा घोटही न घेता. नंतर तिला ताप भरला. तीन दिवस ती अंथरुणात होती. रोज संध्याकाळी ताईबाई तिच्या उशाशी येऊन बसायची आणि अंधार पडला की उठून जायची. गुंताबाईला काहीच झालं नाही.

पुढची दोन लग्नसराया तिला कुणी बोलावलं नाही. रॉकेल सांडणारी म्हणून तिचं नाव झालं. ती साक्रीकडे कामाला जायला लागली, रस्त्याच्या खडीवर. तिसऱ्या वर्षी माझ्या धाकट्या दिराचं लग्न निघालं, आणि सासऱ्यांनी आपण होऊन तिला निरोप धाडला. घरात सगळ्यांना आश्चर्य वाटलं. सासरे एवढंच म्हणाले, ऐन वेळी पाचशे माणसं उपाशी न ठेवणारी दुसरी बाई मला माहीत नाही. ती आली आणि सहाशे माणसांची वरण-बट्टी केली. तेव्हाही मी तिच्याशी नीट बोलले नाही.

एक्क्याण्णव साली ताईबाई आजारी पडली. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझा हात धरून सगळं सांगितलं. मी तशीच उठून झुंबरबाईकडे गेले. ती ओसरीत मिरच्या खुडत होती. मी रडायला लागले तर तिला माझाच राग आला. आक्कानं उगाच सांगितलं, म्हणाली. मग मिरच्या खुडता खुडता तिनं मला यशोदाची गोष्ट सांगितली.

मी तिला विचारलं, की आता तरी भीती कमी झाली का. ती नाही म्हणाली. त्या दिवशी पिशवी झटकली नसती तर, हा विचार तिला अजून यायचा. कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, की तिला आधी तेच आठवायचं. पण एक गोष्ट तिनं सुरू केली होती. कुठल्याही कार्याचा गहू आला, की एका ढिगात ओतायच्या आधी प्रत्येक घरची पिशवी वेगळ्या चादरीवर रिकामी करायला लावायची, आणि चार बायांनी ती उजेडात बघायची. आधी लोकांनी कुरकुर केली. घरच्या माणसांवर अविश्वास कशाला, म्हणून काहींनी गहू परतही नेला. पण ती अडून बसायची. पुढे आसपासच्या चार गावांत तसंच करायची पद्धत पडली. ती कुणी सुरू केली आणि का, हे आता तिथे फार थोड्या जणांना माहीत आहे.