फिल्मवरची भुरी

नाशकात एमआरआयचं अजून अप्रूप होतं, तेव्हाची गोष्ट. आईचा रिपोर्ट घ्यायला गेलो होतो. शेजारी दिंडोरीकडचे एक म्हातारे बागायतदार स्वतःच्या मेंदूची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून, द्राक्षाचं पान तपासावं तशी न्याहाळत होते.

त्यांची बायको मला हळूच म्हणाली, "वरीस झालं, हे हसत नायत, धड जेवत नायत. मेंदूत पांढरे डाग पडलेत म्हणे, त्यानं मन असं झालंय."

"डाग नाय, भुरी हाय," म्हातारे शांतपणे म्हणाले. भुरी म्हणजे द्राक्षवेलीवरची पांढरी बुरशी. "ऊन पोचत नाय, तिथं आधी धरती. बाहेरून बाग हिरवीगार दिसती."

मला त्या डागांकडे बघवेना.

"मग उपाय?" मी उगाच विचारलं.

"गंधक. बागेत भुरीवर मारत्यात तेच," म्हणत त्यांनी टोपी काढली. पांढऱ्या केसांत मुळापर्यंत पिवळी भुकटी चोळलेली होती. "रोज सकाळी मारतो. नायतर शेजारच्या वेलीवर लगेच जाती."

म्हातारीनं घाईघाईनं पदर डोक्यावर पुढे ओढला. पण तिच्या भांगातलं पिवळं मला आधीच दिसलं होतं.