माझ्या बदलीत आलेली मावशी

लूमच्या कारखान्यात सुट्टी अशी नसतेच. आजारी पडा, मामा मरू द्या, घरात लग्न असू द्या, मागावर आपल्या जागी बदली माणूस उभा केल्याशिवाय मुकादम सोडत नाही. सुरतेच्या पांडेसऱ्यात माझी अर्धी हयात या नियमात गेली. मग माझ्या किडन्या गेल्या. त्यांनी मात्र बदली न देता काम सोडलं.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसाने मला व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपचं नाव 'दुसरी पाळी'. चालवणारा एक निवृत्त मुकादम, त्याचंही रक्त मशीनच धुतं. बाकी सगळे सुरतेत कुठे ना कुठे राबलेले खानदेशी आणि वऱ्हाडी पेशंट. मला वाटलं होतं, इथे लोक एकमेकांना धीर देत असतील. इथे हजेरी घेत होते.

सकाळी उठलं की प्रत्येकाने लिहायचं, 'हजर'. बस. कसं वाटतंय, रात्री झोप लागली का, असलं कोणी विचारायचं नाही. नाही लिहिलं तर खाडा. हाताला सुई असेल, अंगात त्राण नसेल, तर तुमच्या बदलीने लिहायचं. मुकादमाने प्रत्येकाला बदली नेमून दिलेला होता. माझी बदली पर्वत पाटियाची एक मावशी. तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या फोटोच्या जागी लाल ट्रॅक्टर होता. तिचा बदली मी. पहिल्याच आठवड्यात तिने फोन करून 'आज तूच लाव' म्हटलं, आणि तेव्हापासून तिचं 'हजर' रोज मीच लिहीत होतो.

माणसं मात्र एकापेक्षा एक. एक जण रोज शहाळ्याचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, 'फक्त बघा'. त्यातल्या पोटॅशियममुळे आम्हाला नारळपाणी म्हणजे विषच. पण आजाऱ्याला भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक शहाळंच घेऊन येतो, त्यामुळे आमचे शेजारीपाजारी धष्टपुष्ट झाले होते.

दुसरा एक जण, फोटोत मोटारसायकल असलेला, भाचीच्या लग्नाला धुळ्याकडे गेला. खाट रिकामी राहिली तर दुसऱ्याला देतील या भीतीने त्याने आपल्या जागी साडूला पाठवलं. साडू आज्ञाधारक. खाटेवर आडवा झाला, बाही वर केली, डोळे मिटले. सुई टोचायच्या आधी टेक्निशियन हाताला बोट लावून पाहतो. आमच्या हातात ऑपरेशन करून शिरा जोडलेल्या असतात, तिथे बोटाखाली थरथर लागते. साडूच्या हातात काहीच थरथरेना. साडू मात्र पायापासून डोक्यापर्यंत थरथरत होता. त्याला चहा पाजून घरी पाठवलं. ग्रुपवर दिवसभर वाद, हा खाडा धरायचा की नाही. शेवटी मुकादमाने निकाल दिला, 'माणूस पाठवला होता. अर्धा दिवस भरला.'

हसून हसून माझ्या पायात गोळे आले. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत माझाच कंटाळा शिगेला पोचला. चार तास पडून राहायचं, घरी येऊन ओकायचं, पाणी मोजूनच, म्हणून तहान लागली की नुसते ओठ ओले करायचे, की परत तीच खाट. बायको सकाळी साड्यांना टिकल्या लावायची, दुपारी मला न्यायची, संध्याकाळी पुन्हा टिकल्या. मी म्हटलं, पुरे. ग्रुपवर लिहिलं, 'उद्यापासून मी डायलिसिसला जाणार नाही. माझी हजेरी लावू नका.'

आठ-दहा जोडलेले हात आले. मग मुकादमाचा प्रश्न आला, 'बदली कोण?'

मला असा संताप आला की फोन उशीखाली कोंबला. मरायलाही बदली मागतात.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बायको म्हणाली, "आज जावानं नही का?"

"नही."

ती पुन्हा साडीला टिकल्या लावायला बसली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि कोणीतरी माझ्यावर ओरडावं असं फार वाटत होतं. थोड्या वेळाने ती परत आली.

"कोनी बाई वनी शे. तुमनी बदलीमा वनी म्हने."

दारात काडीसारखी एक म्हातारी उभी. हाताला माझ्यासारखीच पट्टी, काखेत गुंडाळलेली चादर, दुसऱ्या हातात शहाळं. ही ट्रॅक्टरवाली मावशी.

"काऊन रे, नाई जाऊन राहिला म्हणे तू," ती म्हणाली. "मुकादमानं पत्ता देल्ला. फाईल दे. मी बसीन तुह्या जागी. माहं कालच झालं, आज मोकळी हाओ."

"मावशी, तुमचं रक्त धुऊन माझ्या अंगात काय फरक पडणार?"

"ते मशीनले काय कयते? मशीन खाली नाई राहिली पाहिजे."

आणि शहाळं कशाला? तर आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून. बायकोने गपचूप फाईल काढली, पायात चप्पल घातली आणि दोघी रिक्षात बसून निघून गेल्या. आजारी मी, आणि घरी एकटाही मीच. थोडा वेळ पंख्याकडे बघत पडलो. मग शर्ट शोधला.

सेंटरवर पोचलो तर मावशी माझ्या खाटेवर स्वतःची चादर अंथरून आडवी झालेली, आणि टेक्निशियन कपाळाला हात लावून उभा. मला पाहताच तो म्हणाला, "काका, पाछी बदली?" म्हणजे, साडूनंतर पुन्हा बदली?

मावशी उठायला तयार नव्हती. माझ्याकडे न बघता छताला म्हणाली, "असली माणूस आला असन तं उठीन मी."

"आलोय," मी म्हणालो.

ती उठली. खाट तिच्या अंगाने गरम झाली होती. मी तिच्याच चादरीवर पडलो, सुया टोचल्या, मशीन फिरू लागलं. ती स्टुलावर बसून पायाने चप्पल चाचपत होती.

"एवढं कशाला केलं?" मी विचारलं.

"तू मेला तं माही हजेरी कोन लावन?" ती म्हणाली. "मले लिवता नाई येत. त्या दिसापासून तूच तं लावतं."

मी मोकळ्या हाताने फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, 'हजर.' त्याखाली, 'मावशी, हजर.'

मुकादमाचं उत्तर लगेच आलं. 'उशीर झाला. उशीर धरला आहे.'

मग मावशीने वॉर्डबॉयकडून शहाळं फोडून घेतलं आणि बायकोच्या हातात दिलं. बायकोच्या पोटात सकाळपासून चहासुद्धा गेला नव्हता. ती तोंड फिरवून प्यायला लागली.

"इकडे तोंड कर, बाई," मावशी म्हणाली. "अन् हळू पे. आमाले पाहू दे."

बायको आमच्याकडे वळली. घोट घोट करून तिने ते सगळं पाणी संपवलं, आणि शेवटचा घोट गिळेपर्यंत आम्ही दोघं तिच्या गळ्याकडे बघत होतो.