वायपरची नवी जोडी

पूरमदतीचा हुकूम आला तेव्हा मी फौजेत हवालदार होतो, गाडी चालवणारा. निघायच्या आदल्या संध्याकाळी फॉल-इनमध्ये सगळे रांगेत उभे असताना मेजर साहेबांनी विचारलं, धाराशिवकडचे रस्ते कुणाला माहीत आहेत? दोन हात वर गेले. एक माझा, मी सास्तूरचा. दुसरा लान्स नाईक सुभाषचा, तो माकणीचा. मग कॉलमची, म्हणजे ताफ्याची, पहिली गाडी आम्हाला मिळाली. मी स्टेअरिंगवर, सुभाष को-ड्रायव्हर. आपल्याच मुलखात वर्दीवर, लोकांच्या कामाला जायचं म्हणून गडी लई खूश होता.

आता वायपरचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. आमच्या युनिटात गाड्यांचं इन्स्पेक्शन व्हायचं. त्या दिवशी गाडी नवरीसारखी दिसली पाहिजे. म्हणून प्रत्येक ड्रायव्हर वायपरची एक नवी जोडी कागदात गुंडाळून डॅशबोर्डात जपून ठेवायचा. इन्स्पेक्शनच्या सकाळी ती चढवायची, संध्याकाळी उतरवायची. एरवी काचेवर फिरायचे ते उन्हानं वाळून कडक झालेले जुने वायपर. हा कुठल्या साहेबाचा हुकूम नव्हता. ड्रायव्हर लोकांची आपली रीत. बाहेरच्या माणसाला येडेपणा वाटेल, आम्हाला कधी वाटला नाही. सुभाष तर त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेला. नवं बाजूला ठेवायचं, जुनं वापरायचं, हे त्याच्या घरातूनच आलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोहारा सोडलं आणि पावसानं गाठलं. भरदुपारी हेडलाइट लावले तरी समोरचा रस्ता दिसेना. वायपर पाणी पुसत नव्हते, इकडचं तिकडं सारवत होते. माझं डोकं फिरलं. म्हटलं, सुभाष, नवी जोडी काढ, खड्ड्यात गेलं ते इन्स्पेक्शन.

तो हसला. म्हणाला, "उस्ताद, पुढच्याच महिन्यात हाय. ह्या गाळात घातले तर सुभेदार साहेब मलाच काचेवर फिरवतील."

खाली उतरला, खिशातली तंबाखू भिजवून काचेवर खसाखसा चोळली. ट्रकवाले करतात तसं. तंबाखू लावली की पाणी थेंबाथेंबानं न थांबता सरळ वाहून जातं. थोडा वेळ बरं दिसलं. मीही गप्प बसलो. त्याच्या जागी असतो तर मीही तेच बोललो असतो.

मग माकणीच्या अलीकडचा ओढा आला. त्यावर फरशीचा पूल, कठडे नाहीत, वरून पाणी चाललेलं. पलीकडं एका वस्तीवर गोठ्याच्या पत्र्यावर एक कुटुंब चढून बसलेलं, आणि बोट आमच्याच गाडीत. वायरलेस सेटवर मेजर साहेबांचा आवाज आला.

"लीड गाडी, पानी बढ रहा है. रुको मत. ओव्हर."

"रॉजर."

नेमकं तेव्हाच माझ्या बाजूच्या वायपरचं रबर निघून गेलं. नुसतं लोखंड काचेवर करकरायला लागलं. सुभाषनं डॅशबोर्डातून कागदाची गुंडाळी काढली. हातात धरून पुलाकडं बघितलं आणि परत आत ठेवली. म्हणाला, पल्याड गेल्यावर चढवतो.

आमच्या भागात बुडालेली फरशी ओलांडायची एक पद्धत आहे. एक माणूस काठीनं कड चाचपत पुढं चालतो, गाडी मागून येते. त्याची नजर पायाखाली. ड्रायव्हरची नजर त्याच्यावर आणि वरून येणाऱ्या पाण्यावर. पाण्यातून काही येताना दिसलं की ड्रायव्हरनं हॉर्न मारायचा, त्यानं गाडीला धरायचं. मी सुभाषला कमरेला दोर बांध म्हटलं.

"घोट्याएवढं तर पानी हाय उस्ताद. आमचाच पूल हाय."

तो उतरला. मी पहिल्या गिअरमध्ये मागं निघालो. काचेतून मला माणूस दिसत नव्हता, एक हिरवा डाग हलताना दिसत होता. मान बाहेर काढली तर पाऊस डोळे उघडू देईना. त्यात पाणी येत होतं डावीकडून, आणि माझी खिडकी उजवीकडं.

पूल निम्मा झाला आणि डाग गेला. मला वाटलं, काचेवर वाफ धरली. मी बाहीनं आतून काच पुसली. अरे, काच पुसत बसलो मी! तेवढ्यात बंपरवर दणका बसला. मुळासकट वाहत आलेली अख्खी बाभळ होती. ती आधी त्याच्यावर गेली होती.

उडी टाकली, हाका मारल्या. पाणी तोवर गुडघ्याला लागलं होतं. सुभाष कुठंच नव्हता.

"सर, सुभाष बह गया. ओव्हर."

"बोट पहले छत वालों के लिए. फिर उसको ढूँढेंगे. आउट."

हुकूम बरोबर होता. मीही तोच दिला असता. गाडी पलीकडं नेली, बोट उतरवली, ते कुटुंब सुखरूप आणलं. त्यातल्या म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. सुभाष पाणी ओसरल्यावर सापडला, खालच्या अंगाला, उसाच्या फडात.

पुढच्या महिन्यात इन्स्पेक्शन झालं. सकाळी मीच ती गुंडाळी सोडली आणि नवी जोडी चढवली. साहेबांनी काचेवर बोट फिरवलं, "व्हेरी गुड" म्हणाले, पुढच्या गाडीकडं गेले. संध्याकाळी मी ती उतरवली नाही. सुभाषसाठी माझ्या हातून तेवढंच झालं, आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

आता मी पेन्शनवर आहे. सास्तूर-माकणी जीप चालवतो. वायपर जरा फरफरले की बदलतो, लोक हसतात. हसू देत. धो धो पाऊस लागला की मी गाडी कडेला घेऊन उभा राहतो. पुढं जायची छाती होत नाही. नवे वायपर असले तरी होत नाही.

रिटायर होऊन आलो तेव्हा माकणीला त्याच्या घरी गेलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी वर्दीतला सुभाष. त्याच्या वडलांनी आधी चहा दिला. मग म्हणाले, "तू तर मागंच व्हतास. जाताना दिसला का रं तुला?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. जमलं नाही.

"न्हाय काका. काचेवर पानी होतं."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.

"म्हंजे," तो म्हणाला, "जाताना माझ्या लेकराला कुणीच बघितलं न्हाय."