संक्रांतीच्या बोरांचा नकाशा

निजाम जाऊन धा-अकरा वर्सं झाली आसतील. मी झरीला सून होते. त्या वक्ताला आमच्या आळीत नारूची बिमारी लय. पायातून दोऱ्यावानी लांब किडा निघायचा. त्याला काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा वढायचा. आमच्या मालकाचा नारू वढताना तुटला, पाय सुजला, आन् ऐन पेरणीत माणूस बाजंवर पडला. तिफन मी धरली, चाड्यात बी सोडायला सासू. रडून काय करता, रान थोडंच थांबतंय.

त्याच हिवाळ्यात विद्यापीठातले मास्तर पोरं-पोरी घेऊन आले. चावडीवर त्यांनी सांगितलं, आपण मिळून गावाचा नकाशा करू. कोणत्या घरात नारू हाय, ते घर कुठलं पाणी पितंय, समदं त्यात मांडू. मग सरकारला दाखवून बारव नीट करून घेऊ. बारव म्हंजी आमची पायऱ्यांची हीर. घागर भरायची तर पाण्यात पाय घालावाच लागायचा. नारूचा पाय त्याच पाण्यात, आन् तेच पाणी समद्यांच्या पोटात.

पण समद्या गड्यांनी सांगितलं, आमच्यात नारू न्हाई. नारूच्या घरची सोयरीक मोडती, ही भीती. आमचे मालकबी पायावर गोधडी वढून तेच म्हणले. आमच्या तर नणंदंला सोनपेठचे पाव्हणे बघून गेलते. सासूनं मला बजावलं, तोंड उघडू नको. मला एकच दिसायलतं, बारव तशीच राहिली तर पुढच्या पेरणीलाबी माणूस बाजंवरच.

संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुकू होतं. त्या पोरींतली एक मास्तरला इचारून बायांत येऊन बसली. सारवलेल्या भुईवर तिनं रांगोळीनं आमच्या आळ्या काढल्या, बारवंच्या जागी तांब्या ठिवला. म्हणली, ज्या घरात नारू हाय तिथं कुकवाची चिमूट ठिवा. बाया खवळल्या. बिमारीवर कुकू कोण लावतंय? पोरगी बिचारी शरमली. मग मी वाणातलं एक बोर उचललं आन् आमच्या घरावर ठिवलं.

सासू हळूच म्हणली, "सूनबाई, ते बोर उचल."

मी म्हणले, "आत्या, बोर उचलते की. पेरणीला तुमच्या लेकाला कोण उचलून उभं करंल?"

 मंग सासूनंच ताटातलं बोर घेतलं आन् शेजारणीच्या घरावर ठिवायला हात नेला.

शेजारीण म्हणली, "आमचं आमी ठिवतो. तुमी कशाला तकलीफ घेता?"

आन् ठिवलंबी. मंग हात थांबंनात. एकीच्या मांडीवरच्या लेकरानं बोर उचलून खाल्लं, तर शेजारीण म्हणली, त्या घरचा नारू गेला बगा. लय हासलो. पण हासू सरल्यावर समद्यांनी भुईकडं बगितलं. तांब्याभवतीच्या आळ्या बोरांनी भरल्यात्या. आडाचं पाणी शेंदून पिणाऱ्या आळीत एखादं-दुसरं बोर. 

पोरीनं ते कागदावर उतरवून घेतलं. उन्हाळ्यात सरकारकडून सिमेंट आन् गवंडी आले, राबायला गावचे गडी. पायऱ्या बुजवल्या, कठडा बांधला, वर रहाट बसवला. त्या साली तरीबी कुणाकुणाला नारू निघालाच. मास्तरनं ते आदीच सांगितलतं, मागल्या साली पिलेलं पाणी हाय ते. सोनपेठचा नकार आला. नणंद माझ्याशी लय दिवस बोलली न्हाई. ते मी सोसलं. पुढं तिला गंगाखेडकडं चांगलं घर मिळालं.

दुसऱ्या साली पेरणीच्या दिसांत ती पोरगी पुन्ना आली, घरोघर बगायला. आमच्या रानातबी आली. मालकांनी तिफन थांबवली, झाडाखाली घोंगडी टाकली, म्हणले, बसा बाई. आन् आपल्या पायानं जाऊन तिला पाणी आणून दिलं. ती पाणी पितापिता त्येंच्या पायाकडंच बगायलती. माझ्यावर लय जणांचे उपकार हायती. तिचे मी समद्यात आदी मानते.